खोली क्रमांक १४ मधील दोन इंची टॉपर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सोबती रुग्णनिवास,
रामदासपेठ, नागपूर

अर्जदार : गिरिधर चंपतराव वैरागडे, वय ६७, सेवानिवृत्त शिपाई, मु. भिवापूर, सध्या मुक्काम आपल्या निवासाची खोली क्र. १४

विषय : पत्नीच्या पलंगावरून उचलून नेलेला फोमचा टॉपर परत मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे दि. २२ सप्टेंबर व दि. ३ ऑक्टोबरचे अर्ज आणि त्यांवरील आपली उत्तरे.

मान्यवर महोदय,

१. अर्जदाराने एकतीस वर्षे सरकारी कार्यालयात या टेबलावरच्या फायली त्या टेबलावर नेल्या. कागदाला वेळ लागतो, हे त्याला कोणी सांगायला नको. तरीही तिसरा अर्ज करावा लागत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. अर्जदाराची पत्नी बायजाबाई हिच्या मणक्याची शस्त्रक्रिया ८ सप्टेंबर रोजी धंतोलीतील एका रुग्णालयात झाली. १५ तारखेला तिला घरी सोडले, पण दीड महिना रोज व्यायामाला आणण्यास सांगितले. आपण खोली दिली, हे उपकार अर्जदार विसरणार नाही. परंतु खोलीतील पलंग लोखंडी असून त्यावरची कापसाची गादी इतकी चेपली आहे, की खालच्या पट्ट्या पाठीला मोजता येतात. बायजाबाईला आपल्या आपण कुशीवर वळता येत नाही. दोन दिवसांत तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. "लोखंड टोचून राहिलं मले," एवढेच ती म्हणाली. ती तक्रार करणारी बाई नाही, म्हणून अर्जदार घाबरला.

३. व्यायाम शिकवणाऱ्या वैदेहीताईंनी सल्ला दिला, "काका, नवीन गादीच्या खर्चात पडू नका. आहे त्याच गादीवर दोन इंची फोमचा टॉपर अंथरा. स्वस्तात काम होईल." अर्जदाराने तसा टॉपर त्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, घेतला आणि गुंडाळी खांद्यावर टाकून पायी आणला. तिसऱ्या सकाळी बायजाबाईने डोळे उघडून विचारले, "किती वाजले जी?" साडेसात वाजले होते. शस्त्रक्रियेनंतर तिने वेळ विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. तोवर प्रत्येक तास तिला जागेपणीच कळत असे.

४. त्याच दिवशी दुपारी तपासणी झाली आणि टॉपर उचलला गेला. बाहेरच्या गाद्यांतून ढेकूण येतात, म्हणून त्या आणू नयेत, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. आपले कर्मचारी श्री. केयूर यांनी वाईट वाटून सांगितले, "काका, माझ्या हातात काही नाही. साहेबांनी लिहून दिलं की मी स्वतः अंथरून देतो." अर्जदाराने पहिला अर्ज केला. उत्तर आले, की गादीस मनाई आहे. चादर, घोंगडी व उशी चालेल. अर्जदाराने वैदेहीताईंची चिठ्ठी जोडून दुसऱ्या अर्जात लिहिले, की टॉपर ही गादी नसून गादीवर अंथरायची वस्तू आहे. उत्तर आले, की 'टॉपर' हा शब्द नियमावलीत नाही, सबब प्रकरण समितीपुढे ठेवले आहे, निर्णय तीस दिवसांत होईल. तोवर वैद्यकीय गरज असल्यास रुग्णालयाकडे मागणी करावी. रुग्णालयाने सांगितले, की पेशंट आता भरती नाही, अंथरूण कसे देणार? दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. अर्जदाराला भांडायलाही कोणी उरले नाही.

५. दि. १० ऑक्टोबर रोजी समितीचे काय झाले हे विचारण्यास अर्जदार आपल्या कार्यालयात आला. भांडारात जागा नसल्यामुळे टॉपर दुमडून अभ्यागतांच्या बाकावर अंथरलेला होता. "सध्या बाकाचं आसन म्हणून नोंद केली आहे," असे श्री. केयूर खाली मान घालून म्हणाले. अर्जदारास बसण्यास सांगण्यात आले. तो बसला. सांगण्यास लाज वाटते, पण बसल्या जागी त्याला झोप लागली, ती सव्वा तास. तेवढा वेळ बायजाबाई वर खोलीत पाण्यावाचून पडून होती. अर्जदाराने खरे काय ते तिला सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "चला, तुमच्या तरी कामी आला. आता काहून त्यांच्या मागं लागून राहिले? जाऊ द्या न जी." त्यानंतर तिने टॉपरचे नाव काढलेले नाही. पट्ट्या टोचतात का, असे विचारले तरी नाही म्हणते.

६. बायजाबाईचा मुक्काम ३१ ऑक्टोबरला संपतो. समितीचा निर्णय त्यानंतर येईल. सबब विनंती, की टॉपर आजच परत मिळावा. नियमात ते बसत नसेल, तर बायजाबाईला रोज दुपारी दोन ते चार सदर बाकावर निजू द्यावे. त्या वेळेत अभ्यागत नसतात, हे अर्जदाराने चार दिवस पाहून ठेवले आहे. कोणी आलेच, तर ती उठेल. तिला खुर्चीत बसवून खाली आणण्यास श्री. केयूर तयार आहेत. ती पडू नये म्हणून अर्जदार बाकाला टेकून जमिनीवर बसून राहील आणि झोपणार नाही. बाक दीड फूट रुंद आहे. बायजाबाई आता त्यात मावते.

आपल्या एका ओळीच्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
गिरिधर चंपतराव वैरागडे
नागपूर, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) वैदेहीताईंच्या चिठ्ठीची प्रत
२) आधीचे दोन अर्ज व उत्तरे
३) बाकाचे व बायजाबाईचे माप, अर्जदाराच्या हस्ताक्षरात