नायकाची जागा

५ ऑगस्ट, सोमवार

गेले! शेवटी गेले एकदाची. राजवाड्यामागच्या गल्लीत, भुवनेश्वरीच्या नाचाच्या वर्गात. बाकी सगळ्या दुधाचे दात पडलेल्या पोरी, आणि त्यांच्यात साठी ओलांडलेली मी.

अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं. बसले. उठता येईना! दोन पोरींनी काखेत हात घालून वर ओढलं. भुवनेश्वरीची ताल देणारी काठी लाकडी ठोकळ्यावर थांबली. "मामी, नवरात्रात माझ्या मुली स्टेजवर असतात. तुम्हाला काय, खुर्च्या मांडायला ठेवू?"

पोरी खिदळल्या. मीही हसले. हसायचं नाही तर काय करायचं?

घरी आले तर हे पलंगावरून, "काय गे, पडलीस ना? देवळातली हत्तीण बरी तुझ्यापेक्षा." शिवरात्रीला मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून पडून आहेत. जीभ मात्र धड आहे.

त्यांचं बेडपॅन धुतलं आणि कुकर लावला.

९ ऑगस्ट

आज सारखी शाळा आठवत होती. पेरेंट्स डे. पांढरे मोजे, हातात निळी रिबन, पियानोवर सिस्टर बेनेडिक्टा — "लाइटली, गर्ल्स, लाइटली!" किती हलकी होते मी तेव्हा. सिस्टर म्हणाल्या होत्या, विनुता पावलं टाकत नाही, तरंगते.

पण मला रिबनचा नाच नको होता. मला भरतनाट्यम हवं होतं. नाना म्हणाले, "आपल्या घरच्या पोरी नाचत नाहीत. बघतात."

मग लग्न झालं. बघत राहिले.

एकदा तरी स्टेजवर जायचंय. माझा म्हणून एक नाच. एवढंच.

१७ ऑगस्ट

सून झुंबाला घेऊन गेली. "अम्मा, कमॉन, फन असतं!" अखिला वाईट नाही, फक्त तिला कशाचंच काही वाटत नाही. मी डावीकडे, सगळ्या उजवीकडे. तिने व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो आपल्या सगळ्या घरांच्या ग्रुपवर! पुतण्या साईरामने खाली रडेपर्यंत हसणारी तोंडं टाकली.

यांनी आमच्या मुलाला, मुरलीला, फोन जवळ धरायला लावला. पुन्हा लाव, पुन्हा लाव. हसून हसून ठसका लागला.

पाणी मीच पाजलं.

२ सप्टेंबर

आज काहीतरी झालं.

भुवनेश्वरी कंटाळून म्हणाली, "मामी, उभं राहणं तुमच्या नशिबात नाही. बसा." पाट पुढे सरकवला. पूर्वी वय झालेल्या नर्तकी बसून अभिनय करत म्हणे. फक्त चेहरा आणि हात. तिने एक पद म्हणून दाखवलं. बायको रात्रभर वाट पाहते. सकाळी नवरा दारात येतो, अंगाला दुसऱ्या बाईच्या फुलांचा वास. बायको विचारते, कुठे होतास?

"नायकाची एक जागा ठरवा. नजर तिथून हलायची नाही."

मी जागा ठरवली. विचारलं.

भुवनेश्वरीने काठी खाली ठेवली. "मामी, हे कुठून आणलंत?"

कुठून आणणार! दर गुरुवारी हे तिरुवैयारूला जात, गाणं ऐकायला. शुक्रवारी पहिल्या बसने परत. शर्टाला दवण्याचा वास. गाणं शिकवणारी होती तिथे एक. अलमेलु. नाव ठाऊक होतं मला. कधी विचारलं नाही. कॉफी गाळून पुढे ठेवायची, आणि शर्ट भिजत घालण्याआधी नाकाशी धरायची.

६ सप्टेंबर

"नजर खाली का जाते? नायक झोपलाय काय तुमचा? दारात उभा आहे तो!"

पोरी पुन्हा खिदळल्या. नजर वर केली. चेहरा कोरा! काही येईना. खाली नेली की सगळं येतं.

शेवटी भुवनेश्वरीच म्हणाली, "असू दे. खालीच असू दे त्याला."

पलंगाच्या उंचीवर आहे तो. मला दुसरीकडे दिसतच नाही.

२० सप्टेंबर

आता सराव यांच्या खोलीत करते. पाट पलंगासमोर.

आधी म्हणाले, "आता तोंडं वेंगाडायला शिकवतात वाटतं." मी करत राहिले. वाट पाहिली. दार उघडलं. वास घेतला. हाताने फूल दाखवलं — हे कुणाचं?

आज त्यांना कळलं. भिंतीकडे वळायला गेले. त्या हाडाने कूस कुठली बदलणार? मान तेवढी वळली. मी पाट उचलून भिंतीच्या बाजूला नेला.

नंतर पेज भरवली. प्रत्येक चमच्यावर फुंकर घालून.

३० सप्टेंबर

"पुरे कर आता, विनुता."

नावाने हाक! किती वर्षांनी. डोळे भरून आले माझे.

मग पहिल्यापासून परत सुरू केलं.

१२ ऑक्टोबर, विजयादशमी

"मला नेऊ नका," म्हणत होते. मुरली म्हणाला, "अप्पा, अम्मा डान्स करणार, आणि तुम्ही नको? चला!" त्या भाबड्याने स्वच्छ वेष्टी नेसवली, केस विंचरले. व्हीलचेअर पहिल्या रांगेत, मी सांगितलं होतं बरोबर तिथे.

मी पाटावर बसले. नजर खाली, त्यांच्यावर.

त्यांनी डोळे मिटले. मी हात तसाच धरून थांबले. वीणावाला घुटमळला, तीच ओळ पुन्हा वाजवत राहिला. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा विचारलं.

हॉलमधल्या माना एकेक करून माझ्याकडून त्यांच्याकडे वळल्या. सीतारामराव, यांचे ऑफिसातले जुने सोबती, स्वतःच्या चपलांकडे बघत बसले.

भुवनेश्वरी म्हणाली, "मामी, हा नाच तुमचाच." नंतर हळूच, "फार क्रूर केलात."

गाडीत हे म्हणाले, "गावासमोर, गे?"

"हो," म्हटलं. शाल नीट केली त्यांची.

सापडला माझा नाच! सिस्टर असत्या तर...

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी दारात एक म्हातारी. हातात काठी, केसात दवणा. वासाने ओळखलं.

अलमेलु! विजयादशमीला मागच्या रांगेत होती म्हणे. कॉफी दिली. पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बायको वारली म्हणून सांगितलं होतं मला. देवळात तुमच्या नावाने दिवा लावत होते मी. इतकी वर्षं."

पेला खाली ठेवून, "ते पद मी गाते. तुम्ही बसा."

आम्ही खोलीत गेलो. तिला बघून यांनी चादर तोंडावर घेतली.

"नायक दिसायला हवा," मी म्हटलं.

अलमेलुने चादर खाली ओढली.