घड्याळवाल्यांच्या घरची रीत

३ मार्च

विहीणबाई येणार! सकाळी सकाळी छकुलीचा फोन — "बाबा, त्याची आई येतेय. मी घेऊन येतेय. चार दिवस राहतील. त्यांना आपलं घर बघायचंय."

छकुलीला ज्याच्याशी लग्न करायचंय तो मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही, आणि आईने अजून हो म्हटलेलं नाही. दोघं तिकडे परदेशात एकाच ऑफिसात, एकमेकांवाचून पान हलत नाही, आणि गाडी अडलीय ती या बाईपाशी. "बाबा, त्या काही बोलतच नाहीत. आवडले की नाही तेच कळत नाही," छकुली म्हणाली. आवाज बारीक. माझी पोर बारीक आवाजात बोलणारी नव्हे!

मी म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस. त्या देशाबद्दल मला सगळं माहीत आहे.

छकुलीने घाईघाईने फोन ठेवला.

ताईने ऐकलं आणि आधी मला दटावलं. "इतक्यात विहीणबाई म्हणू नकोस. हो तर म्हणू दे. तोवर पाहुणीबाई."

बरं. पाहुणीबाई.

५ मार्च

सगळं म्हणजे सगळंच माहीत आहे. छकुली तिकडे नोकरीला गेली तेव्हापासून मी त्यांची ऑडिओ मालिका ऐकतोय. घड्याळवाल्यांची. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर आजोबा, दोन सुना आणि एक चोरून केलेलं लग्न. मराठीत केलेली आहे, पण फक्त बोलणं मराठी. मागचे आवाज सगळे मूळचे, तिकडचे. खरी माहिती मागच्या आवाजांतच असते. बोलायला काय, कुणीही लिहून देतं!

मी तिसऱ्या भागापासून धरली ती सोडली नाही. माझं काम हाताचं. डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी कवळ्या बनवतो — मेण, प्लास्टर, हिरड्या, दात. कान दिवसभर रिकामे. म्हटलं, कानांना तरी परदेशी फिरून येऊ दे.

"नुसतं ऐकून कुठे देश कळतो का रे?" — ताई. माझी थोरली बहीण. माझी बायको गेल्यापासून घर तीच सांभाळते, आणि मलाही.

मी म्हटलं, ज्यांना दिसत नाही त्यांना नाही का कळत? यावर ती भांडी घासायला वळली. भांडी बोलत होती.

६ मार्च

तिकडे सारखा पाऊस. एकही भाग कोरडा नाही. बिचारीला इथल्या उन्हाचा त्रास होणार. जाड पडदे काढून धुवायला टाकले.

९ मार्च

पाहुणीबाईंना परकं वाटू नये म्हणून तयारी:

दारं. घड्याळवाल्यांच्या घरात प्रत्येक दार करकरतं. घड्याळाचे एवढेसे काटे दुरुस्त करणारी माणसं, त्यांना बिजागरीला तेल घालता येत नसेल? म्हणजे मुद्दामच घालत नाहीत. आल्या-गेल्याला मान देण्याची ती रीत असणार. आमच्या पुढच्या दाराला ताईने दिवाळीत तेल पाजलेलं. मी चिंधीने पुसून काढलं. आता छान करकरतंय. ताईने कपाळावर हात मारला.

चहा. भुरका मारून प्यायचा, तोही दणकून. तिकडे गुपचूप चहा पिणं म्हणजे यजमानाचा अपमान.

आणि मुख्य म्हणजे टकटक. आजोबा काही महत्त्वाचं बोलणार असले की आधी ठक, ठक, ठक! तीनदा. मग शांतता. मग आजोबा बोलणार, आणि ते बोलले की विषय संपला. धाकट्या सुनेला घरात घेतलं तेव्हा हेच. दुकान विकायचं नाही ठरलं तेव्हाही हेच. इतर कुणी वाजवत नाही, म्हणजे तो मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा. या घरात तो मीच. दुसरं आहे कोण!

माझं वाक्य तयार आहे. "ही माझी एकुलती एक. ती जिथे सुखात, तिथे माझा होकार. आता तुमचा शब्द हवा."

१२ मार्च

जेवणाच्या टेबलावर टकटकीची तालीम केली. ताई हात पुसत दार उघडायला गेली.

दवाखान्यात केली तर डॉक्टर आतून ओरडले, "या, या, बसा!"

१५ मार्च

छकुलीचा फोन. "बाबा, हात जोडते, त्या मालिकेचं काही काढू नका. त्या आधीच इतक्या गप्प असतात..."

मी शब्द दिला. मालिकेचं काढणार नाही. रीतीभातीचं तिने काही म्हटलेलं नाही.

२० मार्च

आल्या! उंच, सडसडीत, करड्या केसांच्या, ओठ मिटलेले. दार करकरलं तेव्हा दाराकडे वळून पाहिलं. ओळखीचं वाटलं असणार. ताई कानात कुजबुजली, "बाई दिसायला बरी आहे, पण तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

चहा झाला. मी भुरका मारला. छकुलीने डोळे मिटले. पाहुणीबाई आवाज न करता, घोट घोट, जपून प्यायल्या. बिस्किट चहात पार विरघळवून खाल्लं.

चहा गुपचूप प्यायला! म्हणजे पहिल्या कपातच नापसंती.

एक नवी रीत सापडली, मालिकेत नसलेली: बोलण्याआधी त्या जिभेने बारीक 'टक्' असा आवाज करतात. मग चार शब्द, मग पुन्हा टक्. लक्षात ठेवली.

२१ मार्च

झालं! माती खाल्ली.

जेवणं झाल्यावर मी ताठ बसलो आणि टेबलावर तीनदा ठोकलं. पाहुणीबाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि दार उघडलं. करकर. बाहेर कुणी नाही. परत येऊन बसल्या. मी पुन्हा ठोकलं — रीत अर्धवट कशी सोडणार? त्या पुन्हा उठल्या! या वेळी पायरी उतरून दोन्हीकडे बघून आल्या. मला माझं वाक्य आठवेना. मी म्हटलं, "पाणी हवंय का?"

छकुली मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"हे काय चाललंय, बाबा?"

"तुमच्या तिकडची रीत. आजोबा नाही का..."

"बाबा! आजोबांचा पाय लाकडी आहे! ते चालत टेबलापाशी येतात, त्याचा आवाज आहे तो! पहिल्याच भागात सांगितलंय!"

"मी तिसऱ्यापासून..."

"आणि त्या मालिकेतला काळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. दारं करकरतात कारण घर जुनं आहे. चहाचा आवाज येतो कारण नाहीतर माणूस चहा पितोय हे कळणार कसं?" मग ती ओट्याला टेकली आणि रडली. "त्यांनी मला विचारलं, तुझे वडील बरे आहेत ना म्हणून. आता त्या हो म्हणतील का सांगा."

पोरीला मी रडवलं. तिच्या लग्नात मीच बिब्बा घातला.

२२ मार्च, सकाळ

पहिला भाग ऐकला. लाकडी पाय. दुसऱ्याच वाक्यात.

२२ मार्च, संध्याकाळ

दवाखान्यात एक आजोबा आले होते. मागे दुसरीकडून कवळी करून घेतलेली, आता ढिली झालीय. बोलताना तोंडात वरची पट्टी खाली यायची. टक्.

माझ्या हातातला साचा तसाच राहिला.

अरे गाढवा! जन्मभर कवळ्या करतोस, आणि ढिली कवळी ऐकून तुला काय सुचलं — रीत! बाई गप्प का, ओठ मिटून का, बिस्किट विरघळवून का खातात... तोंडात वरची अख्खी कवळी आहे आणि ती हलतेय! हिरडी सोलवटली असणार. माणसाचं तोंड दुखत असलं की कुठल्याही देशात ते असंच दिसतं.

छकुलीला विचारलं नाही. तिला माहीत नसणार. असल्या गोष्टी बायका सुनेला सांगत नाहीत, होणाऱ्या सुनेला तर नाहीच.

२३ मार्च

छकुली आणि ताई बाजारात गेल्या. घरात आम्ही दोघंच, आणि एकही शब्द सामाईक नाही.

मी पाहुणीबाईंच्या समोर बसलो. काही ठोकलं नाही. खिशातून रुमाल काढला, तोंडाकडे हात नेला आणि माझी वरची कवळी काढून बशीत ठेवली. माझी मीच केलेली आहे. चांगली आहे.

त्यांनी बशीकडे पाहिलं. मग माझ्या बसलेल्या गालांकडे. मग दाराकडे. मला वाटलं, आता ही बाई बॅग उचलते आणि विमानतळ गाठते.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. वळल्या तेव्हा त्यांचा रुमाल मुठीत होता. तो त्यांनी बशीशेजारी ठेवला आणि पदार्थ जळल्यावर माणूस हसतं तसं कसनुसं हसल्या. बोळकं तोंड. मीही हसलो. दोघांचीही तोंडं बघण्यासारखी नव्हती, पण बघितली एकमेकांनी.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हिरडी बघून माप घेतलं, मी आतून नवा थर बसवला, कडा घासली, पॉलिश केलं. पाहुणीबाई माझ्या खोलीतच स्टुलावर तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. मध्येच त्यांनी माझे इयरफोन उचलून कानाला लावले. मालिका चालू होती. मराठी कळणं शक्यच नाही, पण थोड्या वेळाने त्यांनी टेबलाखाली पाय तीनदा आपटला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. खांदे हलत होते.

रात्रीच्या जेवणाला दोनदा वाढून घेतलं. आणि बोलायला लागल्या! थांबेचनात. छकुलीला भाषांतर झेपेना. "बाबा, तुम्ही केलंत तरी काय?" मी म्हटलं, काही नाही, बसलो होतो. कवळीची गोष्ट माझ्या तोंडून जायची नाही. दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यात.

२४ मार्च

गेल्या. काल एवढं बोलल्या, पण ज्याच्यासाठी आलेल्या त्याबद्दल एक अक्षर नाही. निघताना मी छकुलीला सांगितलं, त्यांना म्हण, टकटकीची रीत आमच्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही, चूक माफ असावी. ती म्हणाली, "मी सगळं सांगितलंय, बाबा. आजोबा, टकटक, मग बोललं की विषय संपला. सगळं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं."

माझं वाक्य राहूनच गेलं. गाडी वळेपर्यंत छकुली मागे बघत होती.

ताईने दाराला तेल घातलं.

२७ मार्च

काही नाही.

२९ मार्च

काही नाही. मालिका ऐकवत नाही. चार कवळ्या पुऱ्या केल्या, चारही जणांना पहिल्या फटक्यात बसल्या. त्याचं काय करू?

३१ मार्च

छकुलीचा फोन. उचलला तर पलीकडे कुणी बोलेना. मी स्पीकर लावला. आणि मग टेबलावर — ठक. ठक. ठक.

ताई हात पुसत दाराकडे निघाली.

मी म्हटलं, "ताई, बस. विहीणबाई बोलतायत."