बेहाल्यातला एकमेव वक्तशीर माणूस

५ जानेवारी १९७४
बाबांच्या बँकेने त्यांची नागपूरला बदली केली. जूनअखेर बेहाल्यातलं बिऱ्हाड हलणार. बी.कॉम.चा पार्ट वन पहिल्या झटक्यात पास झालो तर मी इथेच हॉस्टेलवर, नाहीतर तिथल्या दत्तात्रयकाकांच्या रंगाच्या दुकानात. बाबांनी हे जेवताना सांगितलं आणि ताक मागितलं.
काका म्हणजे दिवसभर डबे ढवळणारा माणूस. त्यांच्या हाताखाली मी? आजपासून वेळेचं कडक नियोजन. एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन रंगीत पेन्सिली आणल्या. दिवस त्यातच गेला.

६ जानेवारी
टाइमटेबल भिंतीवर. पहाटेचा अभ्यास लाल. वैशाली म्हणाली, "दादा, ऊन आलं. तुझं लाल केव्हाच संपलं."
तिला टाइमटेबल नाही. ट्राममध्ये वही उघडते, भात शिजेपर्यंत वाचते. शेळी चरते तसा अभ्यास. कीव येते.

११ जानेवारी
निळा तास, म्हणजे अकाउंटन्सी, लोडशेडिंगमध्ये गेला. अंधारात काय करणार? कोपऱ्यावरच्या रकावर गेलो. रक म्हणजे घराचा रस्त्याकडचा ओटा. बंगाली पोरं त्यावर बसून गप्पा छाटतात आणि त्याला अड्डा म्हणतात, जणू एखादी पदवीच. माझ्या वर्गातला तपन घोषाल तिथला कायमचा रहिवासी. सगळ्यांना वेळेची किंमत समजावून सांगितली. वीज लवकर आली, पण विषय अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं.

१९ जानेवारी
रोज रकावर जावं लागतं. माझ्याशिवाय यांना कोण सुधारणार? तपन म्हणाला, मलाही असं टाइमटेबल करून दे. करून दिलं. माझ्यापेक्षा सुबक झालं. पाळणार नाहीच तो. गाढवापुढे वाचली गीता.

२८ जानेवारी
सरस्वतीपूजा. इथे आज पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि एक अक्षर वाचत नाहीत. निव्वळ अडाणीपणा. शेजारधर्म म्हणून मीही गल्लीतल्या क्लबच्या मूर्तीपुढे ठेवली, सगळीच. खिचडी उत्तम.

३० जानेवारी
तपनने कालच पुस्तकं उचलून नेली. एवढीच यांची भक्ती. माझी राहू दिली.

१४ फेब्रुवारी
मूर्तीचं विसर्जन कधीच झालं. पुस्तकं क्लबच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्लीवाला सेक्रेटरी बर्दवानला सासुरवाडीत. याला म्हणतात बेशिस्त. आईने विचारलं, पुस्तकं कुठे आहेत? म्हटलं, देवीकडे. आईने कपाळाला हात लावला.
तपन रकावर येत नाही. आजारी असावा.

२ मार्च
पुस्तकं मिळाली. वाळवी नाही, म्हणजे देवी पावली.
पानवाला म्हणतो, परीक्षा याही वर्षी पुढे जाणार. या माणसाचा एक शब्द कधी खरा निघालेला नाही, पण हे पटण्यासारखं आहे. टाइमटेबल मेपर्यंत वाढवून नव्याने आखलं. जांभळ्या रंगाची भर.

१८ मार्च
परीक्षा आज सुरू झाली. पानवाला मूर्ख आहे.
अकाउंटन्सीच्या पेपरात खतावणीच्या रेघा सुरेख मारल्या. आजूबाजूला सगळे वेड्यासारखे लिहीत होते. माझं रेघांच्या मध्ये लिहायचं तेवढं राहिलं.

२० जून
तपन पास. मी नाही. वैशालीही तिच्या परीक्षेत पास, तिला कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली. शेळी इथेच राहणार.
बाबा तडक पोस्टात गेले. काकांना तार केली.
संध्याकाळी रकावर जाऊन बसलो. कोणी नव्हतं. मला हे गाव सोडायचं नाही. आजवर कधी लिहिलं नव्हतं.

२९ जून, हावडा स्टेशन
तपन पोचवायला आला. संदेशचा पुडा आणला. म्हणाला, "तुम्हारा बनाया टाइमटेबल मेरी दीवार पे था, विनायक, इसलिए पास हुआ। पार्ट टू का भी बना दो ना।"
थट्टा करतोय का ते चेहऱ्यावर शोधलं. सापडली नाही. वैशालीने पेन्सिली पुढे केल्या.
ट्रंकेवर कागद पसरून आखायला घेतलं. मेल वेळेवर सुटली. तोवर फक्त सोमवार झाला होता.