मास्तरची मुकी

अण्णा,

परवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या बाईने मला ‘मुकी’ म्हटलं. मला. जिने तुमच्याच शाळेत, तुमच्याच खुर्चीवर बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांकडून शब्द चालवून घेतले, जिच्या तासाला शेजारच्या वर्गालाही संस्कृत आपोआप यायचं असं हेडमास्तर म्हणायचे (आणि ते कौतुक नव्हतं), तिला. मी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी उभी आहे का. नव्हती. तेव्हापासून मला नीट झोप नाही, आणि ज्याला जाब विचारायचा तो माणूस फोटोत बसून चष्म्यातून माझ्याकडेच बघतोय.

क्रमाने सांगते. आधी अन्वय, मग अर्थ, ही तुमचीच शिस्त. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात असलेली तुमची नात, माझी लेक, आता विरारला एका उंच इमारतीत राहते आणि तिची मुलगी चार वर्षांची होत आली तरी बोलत नाही. कान तपासले, चांगले आहेत. स्पीच थेरपी चालू आहे. तिथली एक शांत मुलगी तिला गाय, बस, केळं अशी चित्रं दाखवत बसते. पोरीला कळतं सगळं. पाणी माग, पेला आणून देते. दाराबाहेरच्या चपला जोड्या जुळवून ठेवते. फक्त तोंडातून शब्द काढत नाही. तर पहिल्यांदा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी उशिरा बोललेलं आहे का. लेकीने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, “आमच्या घराण्यात कोणी नाही. माझे वडील सांगायचे, मी पाळण्यातच श्लोक म्हणत होते.” हे तुम्ही खरंच सांगायचात, अण्णा. येणाऱ्याजाणाऱ्याला.  लेक घरी कुलूप काढताना म्हणाली, “म्हणजे दोष माझा, नाहीतर तिच्या बाबाचा. असंच ना?” मी म्हटलं, मी फक्त माहिती दिली. ती म्हणाली, “तुझी माहिती नेहमी मार्क दिल्यासारखी असते, आई.” त्यानंतर ती माझ्याशी बोलायची ते गॅस आणि दुधाबद्दल.

आणि मग हा सुपरमून आला. म्हणजे पौर्णिमाच, पण त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या जास्त जवळ असतो म्हणून मोठा आणि लखलखीत दिसतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जवळ आलं की सगळंच मोठं दिसतं, नातेवाईकसुद्धा. लेकीच्या इमारतीतल्या बायकांनी अर्नाळ्याला एक मेळावा, त्यांच्या भाषेत ‘मून सर्कल’, ठरवला होता. त्यांची पुढारी पंचविशीतली, मोबाइलवरून दीक्षा घेतलेली, फार गोड मुलगी. तिने मला समजावलं की हे ‘पेगन’ आहे. युरोपात चर्च यायच्या आधी लोक झाडं, आग, पाणी, चंद्र यांची पूजा करायचे, तसं. मी म्हटलं, म्हणजे आपणच की. ती इतकी खूश झाली की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. तिच्या लेखी चंद्र ही देवी आहे. आपल्याकडे तो सत्तावीस बायकांचा नवरा आहे आणि त्यातल्या एकीवरच जीव लावल्याबद्दल क्षयरोगी झालेला आहे, हे मी पोटात ठेवलं. लेकीला जायचंच होतं. नात जाणार म्हणून मीही गेले.

काय काय पाहिलं म्हणून सांगू. पांढऱ्या कपड्यातल्या बायका. वाळूत मिठाचं रिंगण, तेही पिशवीतल्या मिठाचं, जिथे आजूबाजूला मिठागरं आहेत तिथे. चार दिशांना चार दिवे. काचेच्या बरण्यांत पाणी, चंद्राचा प्रकाश मुरायला ठेवलेलं. रंगीत खडे, ते म्हणे चंद्राखाली चार्ज होतात. आणि तमालपत्रं. त्यांच्यावर पेनने मनातली इच्छा लिहायची आणि जाळायचं. मी विचारलं, बिर्याणी कुठे आहे. कोणी हसलं नाही. आपल्या गास गावातल्या शेजारच्या घरातली, मी शिकवलेली एक ख्रिस्ती मुलगीही आली होती, कानाशी येऊन म्हणाली, “टीचर, आमच्या फादरना बोलू नका हां.” मी म्हटलं, तू माझ्या फादरना बोलू नकोस. मग लेक दिव्यापाशी वाकून लिहीत होती तेव्हा तिच्या पानाकडे माझी नजर गेली. पानावर एकच शब्द होता. ‘आई’. आपल्या पोरीच्या तोंडून तिला तो ऐकायचा होता. मी चष्मा काढून पुसला आणि त्यानंतर मसाल्यांबद्दल काही बोलले नाही.

पण बरण्यांकडे पाहून मला राहून राहून आपलं अंगण आठवत होतं. कोजागिरी आहे, दुधाचं पातेलं ठेवलंय, आणि आईने शेजारी चांदीच्या वाटीत पाणी ठेवलंय, माझ्या डोळ्यांना लावायला. माझी नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती. चांदण्यात सुईत दोरा ओवायला दिला तर मी तो काकूंच्या पदरात ओवत होते. पाहुणे बसलेले. तुम्ही वाटी उचलता आणि सगळ्यांसमोर तुळशीत ओतता. “डोळे चंद्राने सुधारत नाहीत, चष्म्याने सुधारतात.” सगळे हसले, आईसुद्धा. मग ती वाटी घासायला आत गेली आणि बराच वेळ घासतच राहिली. त्याच आठवड्यात तुम्ही मला वसईला नेऊन चष्मा करून दिलात. चष्मा खरा ठरला, म्हणून तुमचं वाक्यही खरं ठरलं, आणि मी ते पुढे छडीसारखं वापरलं. आईवरसुद्धा.

दुसरी आठवण वर्गातली. चंद्रोदय झाला की सागर उचंबळतो, असा एक श्लोक तुम्ही शिकवलात, खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, “आपल्याकडे पौर्णिमेचा चंद्र उगवतो तेव्हा ओहोटी असते. चिखल दिसतो. कवी घाटावरचा असावा.” आम्ही हसलो. मी तो विनोद पुढे माझ्या प्रत्येक तुकडीला ऐकवला. पण तुम्हाला हे कुठून माहीत, असं विचारायचं मला कधी सुचलं नाही. घर, शाळा आणि केळीची वाडी एवढाच तुमचा भूगोल. संध्याकाळी समुद्रावर गेलेलं तुम्हाला कुणी पाहिलं नव्हतं. असं मला वाटत होतं.

तर परवाही ओहोटीच होती. समुद्र लांब गेलेला, म्हणून पुढारीबाईंनी रिंगण पार खाली, ओल्या वाळूवर मांडलं; पाण्याजवळ शक्ती जास्त असते म्हणे. चंद्र वर आला सुरूच्या झाडांमागून, गावाच्या बाजूने, कारण आपला समुद्र पश्चिमेला आणि चंद्र बिचारा पूर्वेलाच उगवणार. खरंच मोठा होता, अण्णा. तांबूस, परातीएवढा. आम्ही सगळ्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिलो, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. ढोल वाजत होता, डोळे मिटलेले होते, आणि मी, ओहोटीचा विनोद आयुष्यभर ऐकवणारी, ओहोटीनंतर काय येतं ते विसरून पोरीचा हात धरून उभी होते. मोठ्या चंद्राचं उधाण दमाने येत नाही. वरून कुणीतरी बाई ओरडली, “ए बायांनो, पाठी बघा.” बघितलं तर मागून पाणी आलंच होतं, आणि आमच्या व सुक्या वाळूच्या मधल्या खोलगट पट्ट्यातही शिरलं होतं. मीठ विरघळलं, दिवे गेले, चार्ज झालेले खडे समुद्राने नेले. बायका चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून ओरडत वर. लेकीने पोरीला कडेवर घेतलं होतं, एक बरणी काखेत धरली होती, आणि मी तिचं कोपर धरलं होतं. ज्याला बोलावलं तो आला, आपला लवाजमा घेऊन आला. त्यात चूक त्याची नव्हती.

ओरडणारी म्हातारी वर एका उलट्या होडीला टेकून बसली होती. तिने आधी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तुमच्यावर गेलेल्या माझ्या नाकावर तिची नजर थांबली. “तू गासच्या मास्तरची ना? मुकी?”

मी म्हटलं, मावशी, मी मास्तरांचीच, पण मुकी कोणी दुसरी असेल. ती म्हणाली, मास्तरला एकच पोर होती. तिने सांगितलं की ती तेव्हा नवी नवरी होती आणि सासूबरोबर आपल्या वाडीला सुक्या मासळीचं खत घालायला यायची. तुम्ही नाकाला उपरणं लावून टोपल्या मोजून घ्यायचात, हे मला आठवतंय. पुढचं आठवत नाही. पाचवं लागायला आलं तरी मी बोलत नव्हते. डॉक्टर झाले, मुंबईला नेऊन झालं. मग तुम्ही एकदा तिच्या सासूला, खताचं बोलता बोलता, खाली बघून विचारलंत, की तुमच्यात अशा पोरांना काय करतात. त्यांच्या गावात कोणी काही करत नव्हतं. सासूच्या आजीची म्हणून एक रीत होती. चंद्र मोठा असेल त्या पुनवेला, पाणी परतायच्या वेळी, बापाने समुद्रात उतरायचं, पोराला वाळूवर ठेवायचं, आणि भरतीच्या पाण्याबरोबर त्याला नावाने हाक मारायची. पोराने ‘ओ’ द्यायची. एवढंच.

“तुला मी धरायची,” म्हातारी म्हणाली. “तुजा बापूस पान्यात. धोतर वर खोचून, चंद्राकडे तोंड. आमी हसायचो. येवडा शिकलेला मानूस, पन मंत्र नाय का बिंत्र नाय. नुसता हाका मारायचा. घसा बसायचा त्याचा.”

मी विचारलं, मग मी ‘ओ’ दिली?

“नाय. एकदापन नाय. माज्या पदराला धरून बघत बसायची. पाऊस सरल्यावर घरीच कवातरी बोलली म्हनं. पन तवर तो दर मोठ्या पुनवेला यायचा. घरी सांगू नको म्हनायचा, तुज्या आयेलापन.”

अण्णा, मी वाळूवर बसले. साडी आधीच ओली होती. मला राग आला, खोटं का सांगू. पाळण्यातले श्लोक, तुळशीत ओतलेली वाटी, आईचं ते घासत राहणं. तिला चंद्राखालची एक वाटी ठेवू दिली नाहीत, आणि स्वतः अख्खा समुद्र वापरलात. एकदा तिला बरोबर घेऊन गेला असतात तर काय बिघडलं असतं? का तिच्यासमोर हाक मारून उत्तर आलं नसतं, ते तुम्हाला सहन झालं नसतं? विचारते आहे. खरंच मला माहीत नाही. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात, गुडघाभर पाण्यात, चष्म्यावर चांदणं, आणि राग जिथे ठेवला होता तिथे सापडेना.

परतताना रिक्षात पोर आईच्या मांडीवर झोपली. मी म्हटलं, डॉक्टरांना एक माहिती चुकीची दिली आहे. लेक खिडकीबाहेर बघत होती. मी सांगितलं, मी स्वतः पाचवं लागेपर्यंत मुकी होते, आजच कळलं. तिने सावकाश मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू ते तोंड पहिल्यांदाच पाहते आहे. मग हसायला लागली. इतकी, की रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. “तू?” म्हणाली. “मग तेव्हाचं सगळं तू आता भरून काढतेस.” हसता हसता ती रडायला लागली आणि पोर जागी होऊ नये म्हणून तिने तोंड माझ्या खांद्यात घातलं. बऱ्याच दिवसांनी. मी काही बोलले नाही. अनुभव आहे मला त्याचा, असं आता म्हणता येईल.

डॉक्टरांना खरं ते कळवलं आहे. थेरपी चालू आहे, आणि ती चालूच राहील, तुमचा चष्म्याचा नियम मी मोडलेला नाही. वाचलेली एकमेव बरणी लेकीने माझ्याकडे ठेवायला दिली आहे. ती आईच्या फोटोसमोर आहे. तुळस गॅलरीत आहे, पण मी पाणी ओतलेलं नाही. पुढच्या पौर्णिमेला आम्ही तिघी जाऊ, रिंगण नको, खडे नको, पोरीला मी धरेन आणि तिची आई पाण्यात उतरेल. विश्वास माझा तेव्हाही नसेल. तुमचा तरी कुठे होता? तुम्हाला फक्त एवढं माहीत होतं, की हाक मारायची राहून जायला नको.

मून सर्कलवाल्या म्हणतात, लिहिलेलं जाळायचं असतं. हे मी जाळणार नाही, कुठे धाडणारही नाही. तुमच्या शब्दकोशात ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. सारखा आठवायचा प्रयत्न करते, पण तुमची ती हाक मला आठवत नाही. पाणी नाही, चंद्र नाही, म्हातारीचा पदर नाही. तरी काल दुपारी स्वयंपाकघरात, घरात कोणी नसताना, मी एकदा ‘ओ’ म्हणून पाहिलं.