पडद्यापलीकडे काकू होत्या

१२ नोव्हेंबर
लघवीला आग, अंगात कणकण. सासूबाईंसोबत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. दिवस गेल्याचं घरात आम्हा तिघांनाच माहीत. तिसरा भरेपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते, हा सासूबाईंचा कायदा. डॉक्टरांनी नेमकं विचारलं, "पाळी चुकलीय का?" पडद्यापलीकडे शेजारच्या काकू, कान टवकारून. सासूबाई पटकन, "छे हो, तसलं काही नाही." मी गप्प. गोळ्या घेऊन घरी.

२९ नोव्हेंबर
गंगापूर रोडच्या डॉक्टरबाईंकडे नाव नोंदवलं. संपलेल्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "ही अँटिबायोटिक सुरुवातीला टाळतो आम्ही. बाळाचा मणका, हृदय तेव्हाच घडत असतं. धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही म्हणणार." फॉलिक ॲसिड वाढवलं. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी, तोवर थांबा.
थांबा म्हणे! कशी थांबू?

३० नोव्हेंबर
सागर म्हणतो, "तू तरी तोंड उघडायचंस ना!" मी? काकूंच्या देखत त्याच्या आईला खोटं पाडायचं? एवढं बोलून नवरोबा गेले ओझरला ड्यूटीवर. सासूबाई दिवसभर देवापुढे.

१८ डिसेंबर
तिसरा भरला. आता सांगायला हरकत नाही, तर सासूबाई कुणालाच सांगत नाहीत. काकूंनी आडून विचारलं, तर कुकर लावायला उठल्या.

९ जानेवारी
परत आग, परत ताप. डॉक्टरबाईंनी दुसरी अँटिबायोटिक दिली. "ही गरोदरपणात चालते. नाही घेतलीस तर इन्फेक्शन किडनीपर्यंत जाईल, दिवस भरायच्या आधी कळा येतील. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात गं."
कळतं. हात पुढे होत नाही. गोळी उशीखाली.

१० जानेवारी
अजून दोन उशीखाली. हुडहुडी भरलीय. देवा, घेतली तरी दोष माझाच, नाही घेतली तरी माझाच. कुणाला विचारू…

१२ जानेवारी
काल सासूबाईंना अंथरूण झटकताना गोळ्या सापडल्या. वाटलं, आता माझी खैर नाही. त्यांनी एक गोळी पुढे केली, मी तोंड फिरवलं. त्यांनी मला रिक्षात घातलं. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाकं भरलेली. दारातूनच ओरडल्या, "माझी सून पोटुशी आहे, चौथा चालूय! मागं मी खोटं बोलले डॉक्टरांशी. आता ही माझ्या हातून गोळी घेत नाही, कुणीतरी द्या हो हिला!" ढसाढसा रडल्या. सगळ्या बायका बघत राहिल्या.
गोळी घेतली. डॉक्टरबाईंच्या हातून.

९ फेब्रुवारी
ताप केव्हाच गेला. उद्या सोनोग्राफी. सकाळी पोटात काहीतरी हललं, का गॅस, देव जाणे. सागरनं रजा टाकलीय. सासूबाई म्हणतात, "मी नाही येत, माझं तोंड नको तिथं." त्यांची बरी साडी मी इस्त्री करून ठेवलीय. राग गेलेला नाही. पण उद्याचं ते त्यांच्याशिवाय ऐकायची छाती नाही माझी.