तान्ह्यांचा मजला

सोमवार, ४
पोहोचले! खोली लहान, पण खिडकी मोठी. स्वच्छ चादर, टेबल, खुर्ची. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे मला पंडित म्हणतात. निघताना आईने बजावलं, पंडित, धाकटीला कान धरून घेऊन ये. धाकटी आठ महिन्यांपूर्वी कॉलेज सोडून या पंथात आली, ती आलीच. इथल्यांना स्क्रीनला हात लावायची बंदी, आणि नवे लोक तर इंटरनेटवरूनच येतात. म्हणून निरोपांना उत्तरं लिहायला बाहेरचं माणूस लागतं. ते माणूस मी. धाकटी माझी बहीण आहे हे मी लपवलं नाही. उलट ते ऐकून इथल्या थोरल्या बाईंचा चेहरा खुलला. धाकटी गळ्यातच पडली. म्हणाली, ताई, किती वाळलीस गं! तिचे स्वतःचे गाल मात्र छान भरलेत. महिनाभरात हिचं मन वळवीन.

मंगळवार, ५
एकशे बारा निरोप. मला वाटायचं, अशा ठिकाणी भोळेभाबडे येत असतील. पण इंजिनिअर आहेत, नर्स आहे, दोन प्राध्यापक आहेत. एकाने लिहिलंय, रोज शेकडो लोकांशी बोलतो, पण ताप आला तेव्हा पाणी द्यायला कुणी नव्हतं. त्याला ‘येऊ नका’ असं लिहिणार होते. हात धजला नाही.
इथे एक जण आधी कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याला सगळे गणित्या म्हणतात. त्याला विचारलं, सगळं जग खिशात असताना इथे कशाला? तो हसला. म्हणाला, ताई, डोकं दुखतंय म्हणून फोनला विचारलं, तर त्याने चाळीस कारणं दिली. त्यातली अकरा मरणाची. इथे विचारलं, तर म्हणाले, झोप. झोपलो. उठलो तेव्हा बरं वाटत होतं. हे जसंच्या तसं लिहून ठेवते.

गुरुवार, ७
आजवर ताट खोलीत यायचं. आज प्रथमच जेवणघरात बसले. सगळे जोडीने बसतात. एक जण चावतो, मग ते बोटांनी तोंडातून काढून समोरच्याच्या तोंडात घालतो. धाकटीसमोर एक म्हातारी होती. बटाट्याचा करडा, ओला गोळा. म्हातारीच्या ओठापासून धाकटीच्या ओठापर्यंत लाळेची तार. धाकटीने डोळे मिटून गिळलं. वर बोटही चाटलं.
नळापर्यंत कशीबशी पोचले आणि भडाभडा ओकले. धाकटी माझं कपाळ धरून हसत होती. म्हणाली, एवढं काय त्यात? मी लहान असताना तूच सफरचंद चावून भरवायचीस मला. खरं आहे ते. म्हणूनच जास्त शिसारी आली.

शनिवार, ९
तिसरा मजला पाहिला. तो तान्ह्यांचा. वीस-बावीस माणसं, सगळी तरणी, सगळी बोळक्या तोंडाची. ओठ आत गेलेले, गळ्यात लाळेरी, त्यांवर वाळलेली खरकटी पापुद्र्यांसारखी. आंबलेल्या दुधाचा वास कपड्यांना चिकटला, तो धुऊनही जाईना. दातांचे डॉक्टर इथलेच, फार अदबशीर. त्यांनी समजावलं, दात म्हणजे मीपणा, तो मुळापासून काढून टाकायचा. ईश्वरापुढे तान्हं होऊन जायचं. पण हे भाग्य सगळ्यांना नाही. तान्ह्याला आई लागते, चावून भरवणारी, आणि ती रक्ताच्या नात्यातलीच लागते. मग ती बाई असो की बाप्या. कित्येक जण नुसते वाट बघत बसलेत.

रविवार, १०
फळ्यावर पुढच्या रविवारसाठी धाकटीचं नाव आहे. तिने आनंदाने माझे हात धरले. म्हणाली, तू आलीस म्हणून माझा नंबर लागला, ताई.

सोमवार, ११
मी नसले तर आई नाही, आई नसली तर नंबर नाही. सरळ हिशेब. बॅग भरली. धाकटी म्हणाली, खुशाल जा, मी अन्नाला शिवणार नाही. थोरल्या बाई म्हणाल्या, फाटक उघडंच आहे, आम्ही कुणाला अडवत नाही. खरंच उघडं होतं.
फाटकाबाहेर धर्मशाळेत राहिले. पोलिसांना फोन केला. मुलगी सज्ञान आहे, लेखी संमती आहे, आम्ही काय करणार, म्हणाले.

गुरुवार, १४
गणित्या सांगून गेला, तिने पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही. आज उभी राहताना पडली. मी परत आले. मी येताच ती जेवली — म्हातारीच्या हातून.
ती नर्सही आली आहे, पाया पडायला निघाली होती. तुमचं उत्तर वाचून आले, म्हणाली. या आठवड्यात सात जण. माझी उत्तरं फार गोड असतात म्हणे.
थुंकावंसं वाटलं. कुणावर, ते —

शनिवार, १६
बाबांना कळवलं, ताबडतोब या. तिला उचलूनच न्यावं लागेल. ते बुधवारी पोचतील. बुधवारी!

रविवार, १७
दारात आडवी पडले. धाकटी मला ओलांडून गेली.
अठ्ठावीस दात काढले. अक्कलदाढा अजून आल्याच नव्हत्या.

सोमवार, १८
बटाटा काट्याने कुस्करला. थुंकली. रस केला, थुंकली. दुसऱ्या कुणाचं आता चालत नाही. फक्त माझ्या तोंडातलं. हनुवटीवरून रक्त आणि लाळ. हातपाय गार पडलेत तिचे. आणि बघते अशी, जणू —

मंगळवार, १९
दिला.
एकच घास. माझ्या हातात माझाच कोमट चोथा. तिच्या लाल हिरड्या, काळे टाके, आणि माझं बोट आत. तिने गिळलं. हसली.
मी ओकले नाही. ओकायला हवं होतं.

बुधवार, २०
सकाळपासून नऊ घास. स्वतःसाठी पाव घेतला, चावला, आणि हातावर काढला. गिळायचं सुचलंच नाही —

खाली बाबांचा आवाज. आले. थोरल्या बाई आत घेताहेत त्यांना, प्रवास कसा झाला, दात कसे आहेत तुमचे — पंडित कुठाय, विचारताहेत ते. थोरल्या बाई म्हणताहेत, तिचाही नंबर लागेल आता, तुम्ही आलात ना —
ओरडायला हवं. बाबा, मागे फिरा, इतकंच. पण तोंडात घास आहे आणि धाकटीने तोंड उघडलंय. आधी हा एवढा —