मोगऱ्याच्या जागी खडी

१७ एप्रिल १९३६, शुक्र.
चैत्रातलं हळदीकुंकू पार पडलं. कैरीची डाळ पुरली, पन्हं शेवटी शेवटी पाणी घालून वाढवलं. कुणाला कळलं नाही.
ओट्या मी भरल्या, पाय माझे मोडले, आणि जाताना जी ती फाटकाशी थबकून, "वन्संना म्हणावं, मोगरा काय फुललाय!" वन्सं आपल्या माजघरात. सवाष्णींच्या घोळक्यात त्या येत नाहीत, कुणी सांगावं लागत नाही. पण प्रत्येकीच्या डोक्यात फुलं त्यांची. मुन्सफबाई तर तोंडावर म्हणाल्या, "तुमच्याकडं यायचं ते बागेसाठी!" मग मी कोण मेली, फाटकाची कडी?
शांतानंसुद्धा वेणी आत्याकडून घालून घेतली. आईला येत नाही म्हणे. पोटची पोर.
असलं लिहू नये. लिहिलं.

२० एप्रिल, सोम.
मोटारीचा विषय. गेल्या पावसाळ्यात फाटकातच रुतली होती, गड्यांनी ढकलताना यांचा कोट लाल चिखलानं माखला, तसेच कोर्टात गेले. यंदा मृगाच्या आधी फाटकापासून पोर्चपर्यंत खडीचा रस्ता करायचा. चहा घेताना कागदावर रेघा ओढून दाखवत होते. समोरून सरळ, की विहिरीकडून वळवून? विहिरीकडून लांब पडतं, शेवगा तोडावा लागतो, धुण्याचा दगड हलवावा लागतो. समोरून काढला तर वन्संचे वाफे जातात.
"तूच सांग," म्हणाले.
मी म्हटलं, समोरून. फुलं काय, मागं लावता येतील.
शेवगा वाचावा म्हणून म्हटलं, असं मी मनाशी धरलंय. शेवग्याच्या शेंगा मला आवडतसुद्धा नाहीत.

२२ एप्रिल, बुध.
यांनी वन्संना सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, झालं. मला वाटलं सुटले.
दुपारी तांदूळ निवडत होते, तर शेजारी येऊन बसल्या. "वहिनी, रस्ता होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण या उन्हात मोगरा उपटला तर मरेल गं. दोन पाऊस पडू देत. मग मी माझ्या हातानं मुळांच्या मातीसकट काढून मागं लावीन. अण्णाला तेवढं सांगशील?"
मी म्हटलं, तुम्हीच सांगा की, तुमचा भाऊ.
"त्याच्या घरात राहायचं आणि त्याच्याच मोटारीला आडवं यायचं? नको. तुझं ऐकतो तो."
सांगते म्हणाले. तांदळात खडे फार निघाले.

२३ एप्रिल, गुरु.
काल सांगितलं नाही. हे दमून आलेले, अशील बसलेला. मग जेवणं. पान देताना मलाच विचारलं, "काय गं, काही म्हणायचंय?" मी म्हटलं, काही नाही.
सकाळी वन्संनी विचारलं. "बोललीस?"
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बोलले हो. हे नाही म्हणाले. मृगाच्या आत खडी पडायलाच पाहिजे म्हणाले."
देवाशपथ, असं बोलायचं ठरवलं नव्हतं. "अजून विचारलं नाही" एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून हे आलं.
"असं म्हणाला?" एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मी तिथंच उभी. जीभ झडत कशी नाही माणसाची.
आज यांना विचारावं, थांबायला लावावं. हे हो म्हणतील. पण मग खोटं उघडं पडेल. छे.

२७ एप्रिल, सोम.
बसाप्पा मुकादम माणसं घेऊन आला. वाफे सकाळीच गेले. हातभर खोल खणलं, मोठे दगड अंथरले, वर मुरूम. पाणी मारून ठोकायची धुम्मस चालली आहे, दिवसभर धप् धप्, माझ्या छातीत बसतंय. गुलबक्षी, शेवंती पाटीत भरून कुंपणाबाहेर. मोगऱ्याशी एक बाई थांबली. "ह्यो घरला न्हेऊ काय वो? हितं तर मरणारच न्हवं."
माझ्या आधी खिडकीतून वन्सं बोलल्या, "ने गं. ओल्या फडक्यात गुंडाळ. रोज सांजेला पाणी घाल."
"व्हय आक्का, लई जपतो," म्हणत तिनं पदर भिजवून गुंडाळला. जगो बाई तो.
हे कोर्टात. त्यांना यातलं काही माहीत नाही. संध्याकाळी येऊन खड्डा बघून खूश.

९ मे, शनि.
रस्ता झाला. काळ्या दगडाची बारीक खडी, दोन्ही कडांना तिरक्या विटा, कडेनं क्रोटनच्या कुंड्या. कँपातल्या साहेबाच्या बंगल्यासारखं दिसतं, खोटं कशाला बोलू. हे दोनदा उगीचच गाडी आत-बाहेर करून आले.
संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते. बायका देवळाकडं निघाल्या, फाटकावरून सरळ पुढं गेल्या. कुणी थांबलं नाही. थांबायचं कशाला, क्रोटनची पानं मागायला? कुणी वन्संचं नाव घेऊ नये असं वाटत होतं ना? घे आता.

१८ जून, गुरु.
पाऊस लागून राहिलाय. गाडी रुतत नाही.
वन्सं यांच्याशी बोलत नाहीत. आधी माझ्या लक्षात आलं नाही, की लक्षात यायलाच नको होतं? पाणी तापलं की शांताला पाठवतात, "बाबांना सांग जा." जेवताना यांना वाढतात, भाजी हवी का विचारत नाहीत. पूर्वी दोघं जेवणं झाल्यावर तास तास बोलत. आईबाप गेलेली दोनच भावंडं ही.
यांनी मला विचारलं, "दुर्गीला काय झालंय? माझ्यावर रागावली का?"
मी म्हटलं, पावसानं अंग दुखत असेल.

१४ जुलै, मंगळ.
खडीतून गुलबक्षी वर आलीय. पोर्चच्या जरा अलीकडं, चांगली टरारून. कंद राहिले असणार खाली. मी उपटायला निघाले तर यांनी अडवलं. "असू दे गं. मी गाडी वळवून घेईन. दुर्गी पूर्वी याच्या वेण्या गुंफायची, दोरा न घेता."
मग गाडी पुसता पुसता आपणहूनच म्हणाले, "समोरची फुलं गेली ते वाईटच झालं. एक पावसाळा टांग्यानं काढला असता. तेव्हा डोक्यात आलं नाही."
म्हणजे सांगितलं असतं तर थांबले असते. इतके दिवस मी मनाला समजावत होते, की विचारलं असतं तरी नाहीच म्हणाले असते. आता तेही गेलं.

१५ जुलै, बुध.
गुलबक्षी नाही. वन्संनी सकाळीच कंदासकट काढून टाकली. म्हटलं, अहो यांनी राहू दे म्हणून सांगितलं होतं.
"रस्ता मोटारीचा आहे. त्यात माझं काही नको."
हात चिखलानं भरलेले. खडी सारखी करून ठेवली होती, कुठून काढलं तेही कळत नव्हतं.

२ सप्टें., बुध.
अधिक महिना. ब्राह्मणाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची तयारी. वन्संनीच तळले, कुणाशी बोलणं नाही.
आज हे फार उदास. म्हणाले, "तिला पंधराव्या वर्षी घरी आणलं तेव्हा वडिलांनी न्हाव्याला बोलावलं होतं. मी दारात आडवा पडलो होतो. माझ्यावरनं जा म्हटलं. न्हावी परत गेला. ती माझ्याशी अबोला धरेल असं कधी वाटलं नव्हतं. माझं काय चुकलं एवढं तरी सांगावं तिनं."
काय चुकलं ते त्यांच्या शेजारी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होतं.
उद्या नक्की सांगणार.

३ सप्टें., गुरु.
नाही सांगितलं. पाहुणे आले.

१५ नोव्हें., रवि. भाऊबीज
आज जे झालं ते.
विधवेनं ओवाळू नये म्हणतात. पण हे दरवर्षी हट्टानं वन्संकडून ओवाळून घेतात. यांच्या आत्याबाई एकदा फणकारल्या होत्या तर हे म्हणाले, "माझ्या आयुष्याची काळजी तिच्याइतकी कुणाला आहे?"
आज पाट मांडला. रांगोळी शांतानं काढली. हे नवं उपरणं घेऊन बसले. निरांजन मी लावलं. वन्सं माजघराच्या दारात उभ्या राहिल्या. पुढं येईनात.
"दुर्गे, ये."
"नको. विधवेनं ओवाळू नये. शास्त्र आहे."
इतक्या महिन्यांत यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. ज्या भावानं यासाठी सगळ्यांशी भांडण घेतलं, त्याला हे!
हे पाटावर तसेच बसून राहिले. मग उठले आणि मोटार न घेता पायीच कुठं गेले. जेवणाच्या वेळी आले, दोन घास खाऊन उठले. शांता रडली. मी निरांजन विझवलं.

१९ नोव्हें., गुरु.
हे म्हणतात, भाऊबीज पौर्णिमेपर्यंत चालते. "तू जरा बोलून बघ तिच्याशी. तुझं ऐकते ती."
त्या म्हणतात तुझं ऐकतो तो. हे म्हणतात तुझं ऐकते ती. आणि मी मधे बसलेय.
काही दिवसांसाठी निपाणीला माहेरी जावं असंही मनात आलं. लाज वाटली.

२७ नोव्हें., शुक्र.
सांगितलं.
वन्सं मागच्या अंगणात आवळे वाळत घालत होत्या. मी जाऊन समोर बसले. म्हटलं, एप्रिलात तुम्ही मला एक सांगायला सांगितलं होतं. मी यांना ते सांगितलंच नाही. तुम्हाला येऊन खोटं बोलले. यांनी नाही म्हटलं नव्हतं. यांना विचारलंच नव्हतं.
त्यांचे हात थांबले नाहीत. आवळे पसरत राहिल्या.
"का?"
मी खरं ते सांगितलं. सगळ्या बायका तुमच्यासाठी यायच्या म्हणून. ऐकायला किती हलकं वाटलं ते.
"एवढ्यासाठी? अगं, मला कुठं मिरवायचं होतं? मी फुलं तोडून तुझ्याच परडीत घालत होते ना?"
रडू आलं, तर म्हणाल्या, "रडू नको. रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागते. ती मला आज घालायची नाही."
सगळे आवळे पसरून झाल्यावर, "मी त्याला शास्त्र ऐकवलं गं. अण्णाला. शास्त्र!" आणि पदर तोंडाला लावला.
उठताना विचारलं, यांना तुम्ही सांगणार?
"मी कशाला? तूच सांग. या खेपेला तरी निरोप पोचव."

२८ नोव्हें., शनि. पौर्णिमा
दिवेलागणीला वन्संनी स्वतः पाट मांडला. यांना हाक मारली, "अण्णा, ये बस." हे वाचत होते, चष्मा तसाच ठेवून आले. वन्संनी ओवाळलं. दोनदा ओवाळलं, एकदा राहिलेलं म्हणून. यांच्या डोळ्यांना धार.
मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बोललीस ना तिच्याशी? मला माहीत होतं, हे तुलाच जमणार. या घराला सांभाळून घेणारी तूच गं."
वन्सं हातात तबक घेऊन तशाच उभ्या. माझ्याकडं बघत. रागानं नाही, नुसतं बघत, हिला काय म्हणायचंय ते म्हणू दे अशा.
मी "पानं घेते" म्हणाले आणि आत आले.
पानं घेतलेली नाहीत. चुलीपाशी बसून हे लिहितेय. बाहेर दोघं बोलतायत. वन्सं मधेच हसल्या, किती दिवसांनी. हे मला हाक मारतायत, दुसऱ्यांदा. एवढं लिहून झालं की उठते.